खोटं न बोलणारी इंग्रजी

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत १९६७ सालापर्यंत इंग्रजी दोनच ठिकाणी होती. एक औषधाच्या बाटलीवर, आणि दुसरी मिलच्या फाटकावरच्या पाटीवर. दोन्हीकडे ती मुकी होती. त्या वर्षीच्या जुलैत मात्र ती रंभाबाईंच्या न्हाणीतून बाहेर ऐकू यायला लागली. नळावर पाणी भरायला उभ्या असलेल्या बायका घागर तशीच ठेवून कान द्यायच्या.

"आय ॲम वॉशिंग द पॉट," न्हाणीतून आवाज यायचा. मग राखेनं गंज, म्हणजे पातेलं, घासल्याचा खरखराट. मग पुन्हा, "आय ॲम वॉशिंग द पॉट."

रंभाबाईंचे यजमान धोंडबा मिलमध्ये मागावर होते. सकाळी दारात बसून चहा पिताना त्यांना हे रोज ऐकावं लागे.

"कोणासंग बोलून राहिली वं?"

"गंजासंग."

"गंज काही म्हणते का मंग?"

"ऐकून घेते जी. तुमच्यासारखं मधात बोलत नाही."

धोंडबा हसले. पण कप खाली ठेवताना त्यांच्या तोंडून हळूच निघालं, "आय ॲम... हे कपाचं कसं म्हणते वं?"

रंभाबाई कार्पोरेशनच्या शाळेत शिक्षिका होत्या. वय अडतीस. शिक्षण मराठी सातवी, वर शिक्षकाचं ट्रेनिंग. चौदा वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला. पाढे, कविता, शुद्धलेखन यांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. इंग्रजीची मुळाक्षरं मात्र त्यांना अर्धवटच यायची, तीही नव्या कोऱ्या खडूच्या डब्यावरून जुळवलेली.

त्या जूनमध्ये पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींची बदली झाली आणि हेडमास्तर वामनरावांनी रंभाबाईंना खोलीत बोलावलं.

"बाई, यंदा पाचवी तुमच्याकडे. इंग्रजीसकट."

"सर, मले ए बी सी डी धड येत नाही."

"पाचवीच्या पोरायले तं तेवढंही येत नाही," वामनराव म्हणाले. "बावीस दिवसांचं शिबिर आहे महाल भागात. नवी पद्धत आहे म्हणतात. जाऊन या. पण आधीच सांगून ठेवतो, फेब्रुवारीत तपासणी आहे. साहेबांपुढं वर्ग इंग्रजीत बोलला तं पाचवी तुमची. नाही बोलला तं पाचवी भैयाजीकडे, अन् तुम्ही पुन्हा तिसरीवर."

भैयाजी गुरुजी सहावीला इंग्रजी शिकवत. मॅट्रिक झालेले, माणूस वाईट नव्हे. पण त्यांचं शिकवणं पहिल्या दोन रांगांपर्यंतच पोचायचं. मागच्या रांगा पाटीवर एकच शब्द वीस वीस वेळा गिरवत वर्ष काढायच्या आणि तोंड न उघडता पुढच्या वर्गात जायच्या. मागच्या रांगांत वस्तीतली पोरं असायची.

रंभाबाई "बरं सर" म्हणून बाहेर आल्या. बाहेर आल्यावर त्यांना वडिलांची आठवण झाली.

त्यांचे वडील गोविंदा हमाली करत. रंभाबाई दहा-अकरा वर्षांच्या असताना त्यांना रेल्वेच्या वर्कशॉपमधून एक टपाल आलं. इंग्रजीत. वस्तीत वाचणारं कोणी नाही. कागद पागोट्यात खोचून ते महालात शिकलेल्यांच्या घरी गेले. एका घरी म्हणाले, साहेब जेवून राहिले, पायरीखाली थांब. दुसरीकडे म्हणाले, उद्या ये. तिसऱ्या दिवशी एका शिकलेल्या माणसाला दया आली, त्यानं कागद अंतरावरूनच वाचून दाखवला. नोकरीवर हजर व्हायचं बोलावणं होतं. तारीख कालची होती. गोविंदा घरी आले, कागदाची घडी केली आणि मुलीला एवढंच म्हणाले, "माह्या हातात होतं वं. तीन दिवस माह्याच हातात होतं."

म्हणून त्यांच्यासाठी पाचवी म्हणजे नुसता वर्ग नव्हता. वर्गातल्या एक्केचाळीस पोरांपैकी कोणालाही पुढं कोणाच्या पायरीखाली थांबायला लागू नये, एवढंच रंभाबाईंना हवं होतं.

महालातल्या शिबिरात मधुकरराव नावाचे एक तरुण गुरुजी शिकवत. पहिल्या दिवशी ते काही न बोलता दारापाशी गेले. कडी काढली आणि म्हणाले, "आय ॲम ओपनिंग द डोअर." दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच वाक्य. असं दहा-बारा वेळा झालं आणि रंभाबाईंचे ओठ आपोआप हलायला लागले. मराठीचा एक शब्द मधे न येता त्यांना कळलं होतं. जन्मभर दारं उघडली, पण दार उघडणं ही इतकी मोठी गोष्ट आहे, तिला स्वतःचं वाक्य आहे, असं कधी वाटलं नव्हतं.

असंच एकदा पूर्वीही झालं होतं. छप्पन सालच्या ऑक्टोबरात पांढरं लुगडं नेसून त्या दीक्षेला उभ्या होत्या. लाखो माणसांच्या तोंडून पाली शब्द निघत होते, आणि ज्या भाषेचं एक अक्षर माहीत नव्हतं ती त्यांच्याही ओठांवर आली. अर्थ मागून कळला, आवाज आधी आत उतरला. तेव्हापासून रोज सकाळी वंदना आणि पंचशील कधी चुकलं नाही. आता मधुकररावांच्या वर्गात पुन्हा तसंच झालं.

मधुकररावांनी फळ्यावर नियम लिहिला. जे करता तेच बोला. जे करत नाही ते बोलू नका.

मधुकरराव सांगत होते ती शिकवण्याची युक्ती होती. नवं वाक्य आलं की पहिल्यांदा करून दाखवा, पोरांच्या लक्षात राहतं, इतकंच. रंभाबाईंनी मात्र ते शील म्हणून घेतलं. खोटं बोलणार नाही, हे पंचशीलातलं चौथं वचन त्या रोज घेत होत्या. आता एक आख्खी भाषा अशी भेटली होती की तिचं पहिलं पाऊलच या वचनावर होतं. काय ही भाषा, त्यांना वाटलं. हातात भाकर नसेल तर भाकरीचं वाक्य बोलायचं नाही म्हणते!

म्हणूनच न्हाणीत ते चाललेलं असे. गंज हातात आला तर गंजाचं वाक्य. नळाला पाणी आलं नाही तर त्या दिवशी पाण्याचं वाक्य नाही.

शिबिर संपून वर्ग सुरू झाला तशी त्यांच्या डोक्यावर टोपली आली. टोपलीत वांगं, कंदील, कुलूप, चप्पल, आरसा, संत्रं, असं रोज नवं काही. वस्तीतल्या बाया हौसेनं वस्तू द्यायच्या.

"बाई, कढई नेता का इंग्रजीसाठी?"

"उद्या नेईन वं. आज कढईचा पाठ नाही."

मीराबाईची बकरी तर तीन दिवस शाळेत गेली. चौथ्या दिवशी मीराबाई नळावर सांगत होती, "माही बकरी बाईनं बिघडवली. आता मराठीत बोलावलं तं येतच नाही."

वर्गात कोणी बाकावर बसून इंग्रजी बोलत नसे. चालायचं तर चालत म्हणायचं, उडी मारायची तर उडी मारत. संत्रं सोललं तर सगळ्यांच्या बोटांना वास येईपर्यंत सोलायचं आणि सोलताना सांगायचं. म्हशीचा पाठ आला तेव्हा रंभाबाई सगळा वर्ग घेऊन तलावावर गेल्या. एकेका पोरानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "धिस इज अ बफेलो." एक्केचाळीस वेळा. म्हैस रवंथ करत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी भैयाजी गुरुजींनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"बाई, काल तुमचा वर्ग म्हशीमांगं जाऊन राहिला होता म्हणे."

"म्हैस वर्गात येत नाही ना, गुरुजी."

"पुस्तकात चित्र आहे की."

"चित्रातलीच्या पाठीवर हात कसा ठेवता?"

भैयाजींनी कपाळाला हात लावला. "साहेब पुस्तकातून विचारणार आहे, बाई. तलावातून नाही."

पोरांनी बाईंचा नियम बाईंपेक्षा घट्ट धरला. एकदा जया नावाच्या मुलीनं, वर्गातल्या सगळ्यांत चुणचुणीत पोरीनं, गमतीत रिकामी मूठ तोंडाशी नेली आणि म्हटलं, "आय ॲम ईटिंग जिलेबी."

सगळा वर्ग ओरडला, "खोटं! खोटं!"

जयाचा चेहरा उतरला. मराठीत ती दिवसभर हव्या तेवढ्या थापा मारायची, त्याचं कोणाला काही नव्हतं. पण इंग्रजीत खोटं बोलली म्हणताना ती रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी ती कागदाच्या पुडीत जिलेबीचा एक तुकडा घेऊन आली. आईजवळ हट्ट करून मागितला होता. वर्गापुढं उभी राहिली, तुकडा तोंडात घातला आणि पाक हनुवटीवर ओघळत असताना म्हणाली, "आय ॲम ईटिंग जिलेबी."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. रंभाबाई मात्र खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. का उठलो, त्यांनाही कळलं नाही. विहारात कोणी वडीलधारं आलं की माणूस आपोआप उठतं, तसं झालं. आपल्याला जी भाषा येत नव्हती ती या लेकरांच्या तोंडात आली आणि येताना इतकी स्वच्छ आली. हे आपण केलं? आपल्या हातून एवढं कसं होईल? घरी जाऊन त्यांनी बुद्धमूर्तीपुढं दिवा लावला, हात जोडले आणि नेमाप्रमाणं म्हटलं, "आय ॲम लाइटिंग द लॅम्प."

फेब्रुवारीत तपासणीचे साहेब आले. सोनेरी काडीचा चष्मा, हातात गुंडाळलेली चित्रं. मागं वामनराव, त्यांच्या मागं भैयाजी गुरुजी. पोरं उठून उभी राहिली, "गुड मॉर्निंग सर" म्हणाली. सकाळच होती, ते खरंच होतं.

साहेबांनी एक चित्र उलगडून फळ्यावर टांगलं. हत्तीचं, रंगीत, छान. छडी त्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "वॉट इज धिस?"

वर्ग गप्प. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "धिस इज अ पेपर."

भैयाजींनी खोकल्यासारखं केलं. साहेबांनी दुसरं चित्र लावलं. सायकलवर बसलेला मुलगा. त्यांनी जयाला उभं केलं. "से, आय ॲम रायडिंग अ बायसिकल."

जया उभी राहिली. ओठ मिटलेले.

"से."

जयानं मान हलवली. नाही.

साहेबांनी आणखी चौघांना विचारलं. वाक्यं सोपी होती, सगळी पोरांना येत होती. कोणी बोललं नाही. एक्केचाळीस तोंडं कुलूप घातल्यासारखी बंद. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"बाई," वामनराव कुजबुजले, "सांगा ना पोरायले. येते ना त्यायले?"

त्या क्षणी रंभाबाईंना सगळं लख्ख दिसलं. मधुकररावांनी युक्ती सांगितली होती, आपण तिचं व्रत केलं. चित्रातल्या सायकलीवर बसलो असं म्हणणं हे जगात कोणी खोटं मानत नाही. चूक आपली आहे, आणि तिची शिक्षा पोरांना होते आहे. एक वाक्य पुरे होतं. बोला रे, चालते आज. एवढंच म्हणायचं. पोरं घडाघडा बोलली असती आणि पाचवी राहिली असती. पोरांच्या नजरा बाईंच्या तोंडावर लागलेल्या. बाई काय म्हणतात तेवढंच ऐकायचं होतं त्यांना.

त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना जयाची जिलेबी आठवली, पाकानं माखलेली हनुवटी. हिला मी सांगू, की खोटं बोल म्हणून? आणि तेही साहेबाला भिऊन?

तोंड मिटलं. पदर सावरला. आजवर गंज, म्हैस आणि पोरं सोडून कोणाशी त्या इंग्रजी बोलल्या नव्हत्या. साहेबांकडे पाहून त्या म्हणाल्या, "सर. प्लीज कम."

आणि दाराकडे निघाल्या. "आय ॲम वॉकिंग." कडीला हात घातला. "आय ॲम ओपनिंग द डोअर."

"शी इज ओपनिंग द डोअर," मागून एक्केचाळीस आवाज एकदम आले. बांधाला भोक पडावं तसं ते झालं. पोरं दारातून बाहेर सांडली. कडुलिंबाला हात लावून, "धिस इज अ ट्री." मातीत बसून, "आय ॲम सिटिंग." धुणं धुणाऱ्या बाईजवळ पळत जाऊन, "शी इज वॉशिंग अ सारी." ती बाई दचकून म्हणाली, "काय म्हणून राहिला रे मले?" कोणी हौदातलं पाणी पीत होतं आणि पिता पिता सांगत होतं, त्यामुळं निम्मं वाक्य पाण्यातच बुडत होतं. साहेबांभोवती पोरांनी कडं केलं. "ही इज अ मॅन. ही इज स्टँडिंग." साहेबांच्या हातातलं पेन थांबलं तसं एकजण तत्परतेनं म्हणाला, "ही इज नॉट रायटिंग."

वामनरावांची सायकल लिंबाला टेकून उभी होती. जया तिथं गेली. सायकल तिच्यापेक्षा उंच. तिनं दांड्याखालून एक पाय पलीकडे घातला, तिरपी होऊन पायडल मारलं आणि साहेबांसमोरून झोकांड्या खात गेली. "आय ॲम रायडिंग अ बायसिकल!" आवाज पार तलावापर्यंत गेला असेल. पुढं हौदाचा कठडा आला. "आय ॲम..." सायकल कलंडली, आणि पूर्ण जमिनीवर यायच्या आत तिनं वाक्य पुरं केलं, "...फॉलिंग!"

साहेब धावले. जया गुडघा झाडत उठली, रक्ताकडे पाहून क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "आय ॲम नॉट क्रायिंग." आणि मग रडली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. रंभाबाईंना म्हणाले, "बाई, ही पोरं वर्गात का बोलली नाहीत?"

"साहेब, वर्गात सायकल नव्हती."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "चित्र म्हणजे खोटं नव्हे, बाई. तेवढं शिकवा त्यांना." आणि ते ऑफिसात गेले. शेऱ्यांच्या वहीत त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि काही न सांगता जीपकडे निघाले. वामनराव त्यांना पोचवायला गेले.

वही टेबलावर उघडी. शेरा इंग्रजीत. पाचवी कोणाची ते त्यात लिहिलेलं. भैयाजी गुरुजींनी सवयीनं हात पुढं केला.

"आणा बाई, मी वाचून सांगतो."

रंभाबाईंनी वही छातीशी धरली. "नाही गुरुजी. तुम्ही थोडं थांबा."

त्या शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या. वही मांडीवर. पोरं भोवती दाटीनं उभी राहिली. भैयाजी वरच्या पायरीवर उभे होते ते थोड्या वेळानं बसले, कारण रंभाबाईंना घाई नव्हती. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. साहेबांचं अक्षर तिरकं, एकमेकांत गुंतलेलं. पहिल्या ओळीत "चिल्ड्रन" सापडलं. ते पाचवीच्या पुस्तकातलं, ओळखीचं. पुढं दोन शब्द अंधारात गेले. मग "स्पीक". मग पुन्हा अनोळखी. ऊन पायरीवरून पायांपर्यंत आलं. शेवटच्या ओळीत बोट एका शब्दापाशी अडलं. त्यांनी तो अक्षर अक्षर जुळवला. त्यांचं नाव होतं. इंग्रजीत लिहिलेलं त्यांचं नाव त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

नावापुढचा शब्द कळला नाही. त्याच्या पुढचा "कीप". तो त्यांच्या हातांना माहीत होता. कीप द बुक ऑन द टेबल, कीप द पॉट ऑन द फ्लोअर, वर्षभर हजार वेळा ठेवून झालेलं. त्यांचा उजवा हात आपोआप उठला आणि काहीतरी जपून ठेवावं तसा हळूच गुडघ्यावर आला. त्याच्या पुढं "द". आणि शेवटी "क्लास".

त्यांनी ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं. भैयाजी गुरुजींनी पाठीमागून वाकून पाहिलं.

"बरोबर वाचलं, बाई," ते म्हणाले. आवाजात नेहमीची धार नव्हती. "वर्ग तुमचाच."

कागदावरून रंभाबाईंची नजर निघत नव्हती. कोणाच्या पायरीखाली उभं न राहता, स्वतःच्या शाळेच्या पायरीवर बसून, आजचा कागद आजच. ओठ हलत होते. जया गुडघ्यावर धूळ आणि रक्त तसंच घेऊन समोर उभी होती. तिनं वर्गाकडे पाहिलं, हाताची खूण केली, आणि सगळी पोरं, खरं तेच बोलायची सवय असलेली, एका सुरात म्हणाली,

"शी इज रीडिंग."